तीस लक्षांची पंगत : आयर्लंडातील १८४७ सालची अन्नछत्रे

अन्नदान हे सर्व दानांत श्रेष्ठ, ही गोष्ट आपल्या घरांतून मुलांस शिकवावी लागत नाही. ती त्यांच्या कानांवर आपोआप पडत असते. परंतु अन्नदान कोणत्या रीतीने करावे, याचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. दात्याची भावना शुद्ध असली की काम झाले, असे आपण धरून चालतो. सुकाळात हे चालूनही जाते. पण गावात साथ शिरली, माणसाने माणसाजवळ उभे राहणे हेच जिवावरचे झाले आणि त्याच वेळी रोजगार बंद पडून चूल विझली, म्हणजे केवळ शुद्ध भावनेने भागत नाही.

२०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत हा अनुभव आपल्या शहरांनी घेतला. ज्यांचे हातावर पोट, त्यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. अन्न मिळवावे तर रांगेत उभे राहावे लागे. रांग टाळावी तर उपाशी निजावे लागे. महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी जानेवारीत सुरू केलेल्या शिवभोजन थाळीची किंमत दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आणली. अनेक मंडळांनी, गुरुद्वारांनी आणि गृहस्थांनी शिधा व शिजलेले अन्न वाटले. त्या वेळी पुष्कळांस वाटले की, असा प्रसंग मनुष्यजातीवर प्रथमच येत आहे. इतिहास तसे म्हणत नाही. नेमक्या याच पेचात एक अख्खा देश सापडल्याचे आणि काही महिने त्यातून मार्ग काढल्याचे उदाहरण १८४७ सालच्या आयर्लंडचे आहे. आयर्लंडचा दुष्काळ सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या दुष्काळाच्या पोटात दडलेली अन्नछत्रांची हकीकत तितकीशी परिचित नाही. ती येथे सांगण्याचा विचार आहे.

१८४१ सालच्या खानेसुमारीप्रमाणे आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लक्ष होती. तिच्यातील अतिशय मोठा गरीब वर्ग बटाट्यावर जगत असे. आपल्याकडे भाकरीस कालवण लागते. तेथील मजुराची भाकरीही बटाटाच आणि कालवणही बटाटाच. कष्ट करणारा धडधाकट पुरुष दिवसाकाठी बारा-चौदा पौंड बटाटे खाई, असे तत्कालीन लेखक सांगतात. लहानशा तुकड्यात सर्व कुटुंबाचे पोट भरेल असे दुसरे पीक त्या मुलखात नव्हते. १८४५ च्या शरद ऋतूत या पिकावर करपा पडला आणि सुमारे तिसरा हिस्सा नासला. १८४६ साली तर जवळजवळ सर्वच पीक गेले. जमिनीतून काढलेला बटाटा पाहता पाहता काळा पडून कुजे, आणि त्याची दुर्गंधी रानोमाळ पसरे.

पहिल्या वर्षी पील याच्या सरकारने अमेरिकेतून मका आणवून थोडीबहुत निभावणी केली. १८४६ च्या उन्हाळ्यात रसेल याचे मंत्रिमंडळ आले. बाजारात हात घालू नये, फुकट अन्न देऊन लोकांस आळशी करू नये, हे त्या काळच्या अर्थशास्त्राचे मत या मंत्रिमंडळाच्या हाडीमांसी खिळलेले होते. खजिन्याची सूत्रे चार्ल्स ट्रेव्हेल्यन या अधिकाऱ्याच्या हाती होती. या गृहस्थाने तरुणपणी आपल्या देशात कंपनी सरकारची नोकरी केली होती, आणि पुढे १८५९ साली तो मद्रासचा गव्हर्नर झाला. उपाशी माणसाने प्रथम काम करावे, मग मजुरी घ्यावी, आणि त्या मजुरीतून बाजारभावाने धान्य घ्यावे, असा नियम ठरला. त्याप्रमाणे रस्ते बांधण्याची, दगड फोडण्याची कामे निघाली. १८४७ च्या मार्चमध्ये या कामांवर सात लक्षांहून अधिक माणसे होती. त्या वर्षीचा हिवाळा अत्यंत कडक. अंगावर चिंध्या, पोटात अन्न नाही, आणि बर्फात उभे राहून खडी फोडावयाची! मजुरी आठ-दहा पेन्स. आणि धान्य तर इतके महागलेले की, तेवढ्यात कुटुंबाचे पोट भरणे अशक्य. स्किबरीन या गावची स्थिती डोळ्यांनी पाहून निकोलस कमिन्स नावाच्या मॅजिस्ट्रेटाने ड्यूक ऑफ वेलिंग्टन यास पत्र लिहिले. ते १८४६ च्या नाताळाच्या सुमारास 'टाइम्स' पत्रात प्रसिद्ध झाले, तेव्हा लंडनच्या सुखवस्तू घरांतून लोकांची झोप उडाली.

याच कामांच्या गर्दीतून साथ पसरली. टायफस, उलटून येणारा ज्वर आणि रक्ताची हगवण अशी तिची त्रयी होती. आयर्लंडच्या दुष्काळात जे सुमारे दहा लक्ष लोक मेले, त्यांतील बहुतेक निव्वळ उपासमारीने मेले नाहीत. ते या रोगांनी मेले. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भूक माणसास घराबाहेर काढते, रस्त्यावर आणते, दुसऱ्याच्या अंगाशी दाटीने उभे करते; आणि रोग तेथे त्याची वाट पाहत असतो. म्हणून ज्या काळी औषध ठाऊक नव्हते, त्या काळी रोग्यांच्या उपचाराइतकाच अन्नाची व्यवस्था हाही आरोग्यरक्षणाचाच भाग होता.

सरकारच्या आधी ही गोष्ट ओळखली ती क्वेकर पंथाच्या लोकांनी. सबंध आयर्लंडात त्यांची संख्या अवघी तीन हजारांच्या आसपास. त्यांतले बहुतेक व्यापारी. हिशेबाला चोख आणि बोलण्यात मितभाषी. १८४६ च्या नोव्हेंबरात डब्लिन येथे त्यांनी एक मध्यवर्ती समिती स्थापिली. जोसेफ ब्यूली आणि जोनाथन पिम हे तिचे चिटणीस. त्यांनी भाषणे केली नाहीत. आपली माणसे पश्चिमेकडील ओसाड मुलखात पाठवून कोठे काय हवे याची प्रत्यक्ष माहिती मिळविली, इंग्लंड-अमेरिकेतील आपल्या बांधवांकडून पैसा व धान्य आणविले, आणि गावोगाव मोठमोठे लोखंडी हंडे पाठवून सूपाची छत्रे उघडली. सूप म्हणजे आपल्या घरी पाहुण्यांपुढे येणारा पातळ रस नव्हे. पीठ, तांदूळ, जव, कंद व मिळेल ते मांस घालून शिजविलेली ती घट्ट आंबील होती. या छत्रांचा एक विशेष असा की, घेणाऱ्याचा धर्म कोणी विचारीत नसे. काही ठिकाणी दुसऱ्या पंथांच्या मिशनऱ्यांनी सूपाबरोबर धर्मांतराचा आग्रह धरला. त्यामुळे 'सूप घेतले' हा शब्दप्रयोग आयरिश लोकांत धर्म विकल्याची निंदा म्हणून रूढ झाला आणि कित्येक कुळांस तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहिला. क्वेकरांवर मात्र हा डाग कधी पडला नाही. ज्याचे अन्न घेतले त्याच्यापुढे मान खाली घालावी लागत नाही, असा दाता विरळा. आयरिश जनतेने तो ओळखला व आजवर लक्षात ठेवला आहे.

अखेर सरकारचेही डोळे उघडले. रस्त्यांवर पैसा तर पाण्यासारखा जात होता आणि माणसे तर मरत होती. १८४७ च्या फेब्रुवारीत पार्लमेंटाने तात्पुरत्या मदतीचा कायदा मंजूर केला. लोक त्यास 'सूपाचा कायदा' असेच म्हणत. आता कामाची अट नाही, मजुरी नाही. गरजू माणसास शिजलेले अन्न फुकट द्यावयाचे, असे ठरले. एका माणसाचा रोजचा शिधा म्हणजे एक पौंड पीठ, अथवा दीड पौंड पाव, अथवा थोड्या पावासह पिठाने घट्ट केलेले सूप. लहान मुलांस याचा अर्धा. कोरडे पीठ न देता शिजलेले अन्न देण्यावर अधिकाऱ्यांचा कटाक्ष होता, कारण पीठ विकता येते, शिजलेले अन्न नासते. तेव्हा ज्यास खरोखर भूक आहे तोच ते नेईल, असा त्यांचा हिशेब. यात अविश्वास होता, यात शंका नाही. परंतु ज्याच्या घरी सरपण नाही, भांडे नाही, आणि मका शिजवावा कसा हेही ज्यास ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने शिजलेले अन्नच खरे उपयोगी होते.

आरंभी एक भयंकर चूक झाली. छत्रे उघडण्यापूर्वीच, मार्चच्या अखेरीस, कामांवरील एक-पंचमांश मजूर कमी करण्यात आले. जुनी मदत थांबली आणि नवी पोहोचली नाही, अशा त्या मधल्या आठवड्यांत किती जीव गेले त्याची गणती कोणी ठेवली नाही. परंतु एकदा यंत्र चालू झाल्यावर त्याने जे केले, ते कोणत्याही काळी थोरच म्हटले पाहिजे. ३ जुलै १८४७ या दिवशी आयर्लंडातील तीस लक्षांहून अधिक माणसे या छत्रांतून जेवत होती. म्हणजे देशातील दर तीन माणसांत एकाहून जास्त! आगगाडीचे जाळे नाही, तारायंत्र गावोगाव पोहोचलेले नाही, अशा काळात ही तीस लक्षांची पंगत रोज उठत होती. आणि खर्च? पार्लमेंटाने साडेबावीस लक्ष पौंड मंजूर केले होते. लागले सुमारे सव्वासतरा लक्ष. रस्त्यांच्या कामांवर याच्या दुपटीहून अधिक खर्च होऊन गेला होता. त्या उन्हाळ्यात, जेथे छत्रे नीट चालली तेथे मृत्यूंचे प्रमाण उतरले, असे इतिहासकारांचे सामान्यतः एकमत आहे. स्वस्त, साधा व परिणामकारक असा उपाय हाती आला होता.

तथापि या चित्राची दुसरीही बाजू आहे. लंडनच्या रिफॉर्म क्लबातील विख्यात फ्रेंच बल्लवाचार्य अलेक्सी स्वाये याने ५ एप्रिल १८४७ रोजी डब्लिन येथे आपले नमुनेदार अन्नछत्र उघडले. तीनशे गॅलनांचा बाष्पपात्रासारखा हंडा मध्ये. सभोवती लांब मेजे. मेजांत बसविलेली भांडी आणि साखळीने बांधलेले चमचे. शंभर माणसांस आत सोडावयाचे. घंटा झाली की खावयास आरंभ. सहा मिनिटांनी पुन्हा घंटा, की दुसऱ्या दाराने बाहेर. भांडी विसळली की पुढले शंभर आत. या व्यवस्थेने दररोज सरासरी आठ हजारांहून अधिक लोक जेवून जात, आणि ऑगस्टपर्यंत अकरा लक्षांहून अधिक शिधे येथून वाटले गेले. कार्यक्षमतेच्या दृष्टीने यात नाव ठेवण्यास जागा नव्हती. परंतु उद्‌घाटनाच्या दिवशी शहरातील उंची वस्त्रे ल्यालेली मंडळी पाच-पाच शिलिंग देऊन गरिबांस जेवताना पाहावयास आली! तेथील काही पत्रांनी यावर जळजळीत टीका केली; प्राणिसंग्रहालयात जनावरांस खाऊ घालण्याची वेळ पाहण्यास लोक जातात, तसा हा प्रकार झाला. शिवाय दोन गॅलन पाण्यास पाव पौंड मांस, दोन कांदे, थोडे पीठ व जव एवढ्यावर उतरणारे स्वायेचे सूप पोषणास कितपत पुरे, असा सवाल डॉक्टरांनीही केला. तो रास्त होता. बटाट्यांतून मिळणारे जीवनसत्त्व गेल्याने लोकांच्या हिरड्या सुजत, दात पडत. निव्वळ पिठाच्या आंबिलीने ते भरून निघण्यासारखे नव्हते.

आणि साथीचे काय? येथे आपल्या महाराष्ट्राशी या हकीकतीचा अनपेक्षित संबंध येतो. टायफस आणि उलटून येणारा ज्वर कशाने पसरतो, हे १८४७ साली कोणासही ठाऊक नव्हते. पुढे साठ वर्षांनी, १९०७ साली, नाशिक येथील एका मिशनच्या वसाहतीत उलटून येणाऱ्या ज्वराची साथ आली असता पर्सिव्हल मॅकी या डॉक्टराने असे पाहिले की, मुलग्यांत रोग फार आणि मुलींत थोडा. आणि मुलग्यांच्या अंगावर उवाही तशाच फार. त्यावरून हा ज्वर अंगावरील उवा पसरवितात असे त्याने दाखवून दिले. १९०९ साली शार्ल निकोल याने ट्यूनिस येथे टायफसचेही तेच कारण सिद्ध केले. रुग्णालयाच्या दारापर्यंत रोगी दुसऱ्यास बाधतो, पण त्यास न्हाऊ घालून त्याचे कपडे काढले की बाधत नाही, हे त्याच्या चाणाक्ष नजरेने टिपले होते. या ज्ञानाच्या उजेडात १८४७ च्या त्या रांगांकडे पाहिले म्हणजे अंगावर काटा येतो. थंडीसाठी घातलेल्या, महिनोन्‌महिने न धुतलेल्या चिंध्या; एकमेकांस चिकटून तास-दोन तास उभी असलेली माणसे; आणि त्या चिंध्यांतून या अंगावरून त्या अंगावर जाणारी उवांची वरात! एका हाताने प्राण देणारे छत्र दुसऱ्या हाताने तो घेतही होते. अनेक डॉक्टर, धर्मगुरू व वाढपी या ज्वराने गेले. याचा अर्थ छत्रे उघडावयासच नको होती असा मुळीच नव्हे. ती नसती तर त्याच माणसांनी भाकरीच्या शोधात गावोगाव भटकून रोग अधिकच नेला असता. अर्थ एवढाच की, साथीच्या काळात अन्न माणसाकडे गेले पाहिजे, माणसे अन्नाकडे धावत येण्याची वेळ आणू नये.

ही दृष्टी त्या काळीही एका गृहस्थास काही अंशी लाभली होती. पॉल स्ट्रेलेकी नावाचा एक पोलिश भूप्रवासी ब्रिटिश असोसिएशन या मदत-मंडळाचा प्रतिनिधी म्हणून पश्चिम आयर्लंडात काम करी. मोबदला त्याने घेतला नाही. त्याने मुलांस त्यांच्या शाळांतूनच रोज अन्न देण्याची योजना आखली, आणि १८४८ साली सुमारे दोन लक्ष मुले अशा रीतीने जेवत होती. त्यास स्वतःस ज्वराने गाठले. त्यातून उठून तो पुन्हा कामास लागला. मुले जेथे आहेत तेथेच त्यांस वाढावे, ही कल्पना आज आपल्या शाळांतून सर्वत्र दिसते. तिच्या मागे असा इतिहास आहे.

आता या कथेचा सर्वांत दुःखद भाग. १८४७ च्या ऑगस्टच्या मध्यापासून सरकारी छत्रे बंद होऊ लागली आणि सप्टेंबर संपण्यापूर्वी सगळी बंद झाली. ती अयशस्वी ठरली म्हणून नव्हे. पैसा संपला म्हणूनही नव्हे. मंजूर रकमेतून पाच लक्षांहून अधिक पौंड शिल्लक होते! कारण एवढेच की, फुकट अन्नाची सवय लागेल, अशी खजिन्यास धास्ती. आणि त्या वर्षी पिकावर करपा पडला नाही, तेव्हा संकट टळले, असे मानणे सोयीचे. पण बियाणेच लोकांनी खाऊन टाकलेले. पेरा अगदी थोडा. पीक निरोगी होते, परंतु पुरते कोठे होते? यापुढे आयर्लंडच्या गरिबांचा भार आयर्लंडच्या जमीनदारांनीच वाहावा, असे ठरले. पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्याने ती सोडल्यावाचून त्यास मदत मिळू नये, असा नियम झाला. भरून वाहणाऱ्या गरीबगृहांतून ज्वराने थैमान घातले. १८४८ साली करपा परत आला आणि मृत्यूचे सत्र आणखी काही वर्षे चालले. १८५१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या पासष्ट लक्षांवर आली होती. जे मेले नाहीत ते जहाजांत बसून निघून गेले होते. भुकेल्यांस अन्न देणे शक्य आहे, हे एकदा सिद्ध करून दाखविल्यानंतर ते थांबविणे, याहून मोठा दोष कोणत्या सरकारास देता येईल?

खाजगी दातृत्वाने ही उणीव भरून निघाली असती काय? याचे उत्तर खुद्द क्वेकरांनीच दिले आहे. त्यांनी एकंदर सुमारे दोन लक्ष पौंडांची मदत वाटली, स्वतः झिजले, ब्यूली १८५१ साली वारला. परंतु १८४९ साली सरकारकडून काम पुन्हा हाती घेण्याविषयी सूचना आली तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला. एवढ्या लोकांचे प्राण वाचविण्याचे सामर्थ्य एकट्या सरकारच्या अंगी आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ज्यांनी दान सर्वांत उत्तम केले, त्यांनीच दानाची मर्यादाही स्पष्ट सांगितली.

तरीसुद्धा खाजगी दान निष्फळ असते असे नाही. त्याचे फळ कधी कधी अशा ठिकाणी लागते की, पेरणाऱ्याने ते स्वप्नातही पाहिलेले नसते. आयर्लंडकरिता अगदी आरंभी वर्गणी निघाली ती आपल्या कलकत्त्यास. सुमारे चौदा हजार पौंड तेथून गेले, आणि देणाऱ्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर या देशाचे लोकही होते. त्याहून हृदयस्पर्शी गोष्ट अमेरिकेतील चॉक्टॉ या मूळ रहिवाशांची. १८३१ पासून त्यांस त्यांच्या पिढीजात भूमीतून हाकलून शेकडो मैल पश्चिमेस नेण्यात आले होते, आणि त्या वाटेवर हजारो माणसे थंडीने, भुकेने व रोगाने मेली होती. १८४७ च्या मार्चमध्ये या लोकांनी सभा भरवून आयर्लंडसाठी १७० डॉलर जमविले. ज्यांनी आयर्लंड नकाशावरही पाहिले नसेल, त्यांनी त्याची भूक मात्र ओळखली.

आयरिश लोक हे विसरले नाहीत. कॉर्क परगण्यातील मिडलटन गावी चॉक्टॉंच्या स्मरणार्थ पोलादी पिसांचे एक स्मारक २०१७ साली समर्पित झाले. नऊ पिसे वर्तुळात अशी उभी केली आहेत की दुरून अन्नाचे पात्र दिसावे. आणि मग २०२० साल उजाडले. अमेरिकेतील नॅव्हाहो व होपी या मूळ रहिवाशांच्या मुलखात नव्या साथीने कहर केला. नॅव्हाहोंचा प्रदेश अतिशय विस्तीर्ण, पण त्यात वाणसामानाची दुकाने अवघी तेरा. आणि जवळजवळ तिसरा हिस्सा घरांत नळाचे पाणी नाही. घराबाहेर पडू नये म्हणावे, तर अन्न व पाणी आणावयाचे कोठून? तोच १८४७ चा पेच! तेव्हा तेथील काही स्त्रियांनी पुढाकार घेऊन घरांपर्यंत शिधा व पाणी पोहोचविण्यासाठी निधी उभारला. त्या निधीत अकस्मात आयर्लंडहून देणग्या येऊ लागल्या. हजारो सामान्य लोकांनी पाच, दहा, वीस अशा रकमा पाठविल्या आणि त्यांची बेरीज लाखो डॉलरांवर गेली. आपल्या पूर्वजांवरचे जुने ऋण फेडीत आहोत, असे कित्येकांनी सोबत लिहिले होते. ज्यांचे ऋण ते चॉक्टॉ, आणि ज्यांस फेडले ते नॅव्हाहो व होपी. परंतु अन्नाचे ऋण असेच फेडावयाचे असते. ज्याने दिले तो क्वचितच पुन्हा भुकेला भेटतो. जो भुकेला भेटेल त्यास द्यावे.

याच नॅव्हाहो मुलखाचा मोठा भाग ज्या ॲरिझोना संस्थानात येतो, त्याच्या फीनिक्स शहरी १९६७ साली जॉन व्हॅन हेंगल याने आधुनिक पद्धतीची पहिली धान्यपेढी, म्हणजे आज ज्यास 'फूड बँक' म्हणतात ती, स्थापिली. आता अशा पेढ्या आपल्याकडील मोठ्या शहरांतही आहेत. साथीच्या दिवसांत त्यांच्या दारी जाऊन आपण काय द्यावे, हा प्रश्न वाचकांपैकी पुष्कळांस पडला असेल. १८४७ सालाने त्याचे उत्तर दिले आहे, असे आम्हांस वाटते. धान्य द्यावेच, पण ते शिजविण्यास इंधन व भांडे घेणाऱ्याच्या घरी आहे की नाही, हे विचारावे. नुसत्या तांदूळ-गव्हावर न थांबता डाळ, तेल, भाजी व फळ यांचाही विचार करावा. रांग लावण्याऐवजी आपले पाय झिजवावे आणि शिधा दारापर्यंत न्यावा. घेणाऱ्याचे छायाचित्र काढून मिरवू नये. डब्लिनच्या त्या पाच शिलिंगवाल्यांची आठवण ठेवावी. साथ ओसरल्याची बातमी आली म्हणजे मदत एकदम थांबवू नये, कारण रोग गेला तरी रोजगार दुसऱ्या दिवशी परत येत नाही. आणि दान करीत असतानाच, हे काम मुळात ज्यांचे आहे त्या राज्यकर्त्यांस त्याचा विसर पडू देऊ नये.

तीस लक्षांची ती पंगत मांडणारे लोक आपल्याहून शहाणे नव्हते, आणि साधने तर आपल्याहून फारच थोडी होती. त्यांनी ती मांडून दाखविली, ही त्यांची थोरवी. आणि अर्ध्यावर पाने उचलली, हा त्यांचा अपराध. पुढल्या साथीत यांतले कोणते आपल्या नावे लिहिले जावे, ते आपल्याच हाती आहे.